हॉल्टचा हिशेब

रेल्वेच्या वाणिज्य शाखेत नोकरीची बहुतेक वर्षं गेली आणि त्यातला बराच काळ ‘हॉल्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या स्टेशनांच्या कागदपत्रांत गेला. हॉल्टवर स्टेशन मास्तर नसतो, सिग्नल नसतो, रूळ बदलायचे सांधे नसतात. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत गावाचं नाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंची, एखादी शेड, दोन-चार बाक, नळ किंवा हातपंप, एखादं कडुलिंबाचं झाड, एवढा त्याचा संसार. दिवसातून दोन-चार पॅसेंजर गाड्या मिनिटभर थांबतात, बाकीच्या धूळ उडवत निघून जातात. अशा स्टेशनांबद्दल बोलताना ‘ओसाड’ आणि ‘बेवारस’ हे शब्द फार लवकर तोंडात येतात. इतक्या वर्षांनी माझं म्हणणं वेगळं झालं आहे. हॉल्टवर रेल्वेचा माणूस नसला तरी हॉल्ट उत्तम चालू शकतो. तो मरतो तो आपल्या हिशेबाच्या पद्धतीने. माणूस काढून घेतल्यावरही आपण त्याचा जमाखर्च खिडकीवर बाबू बसलेल्या स्टेशनासारखाच मांडतो आणि त्यात तो नापास ठरला की थांबा बंद करायचं टिपण लिहायला घेतो. अशी टिपणं मीही लिहिली आहेत, म्हणून हे लिहिण्याची जबाबदारी माझी आहे असं मला वाटतं.

गाडी चालवणाऱ्या शाखेने हा प्रश्न कधीच सोडवून टाकलेला आहे. मोठ्या स्टेशनाचं मुख्य काम प्रवासी चढवणं-उतरवणं हे नसतंच. पुढच्या स्टेशनाकडून ‘लाइन क्लिअर’ घेऊन मधला रुळांचा टप्पा रिकामा आहे याची खात्री करणं आणि मगच गाडी सोडणं, हे त्याचं काम. अशा दोन स्टेशनांच्या मधल्या टप्प्याला ब्लॉक सेक्शन म्हणतात आणि हॉल्ट या टप्प्याच्या पोटात असतो. गाडीच्या सुरक्षिततेशी त्याचा संबंध नाही, म्हणूनच तिथे मास्तर लागत नाही. लोको पायलट आपल्या वेळापत्रकाप्रमाणे पाटीजवळ गाडी उभी करतो. प्रवासी चढले-उतरले हे मागच्या डब्यातून गार्ड पाहतो (२०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण गावात तो गार्डच आहे). मग हिरवा बावटा किंवा दिवा दाखवून, मेमूत दोन घंट्या देऊन, तो गाडी सोडतो. म्हणजे हॉल्टवरची सगळी जबाबदारी गाडीबरोबर येते आणि गाडीबरोबर जाते. ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या बिनबोभाट चालली आहे. तिकिटाची जबाबदारी मात्र गाडीबरोबर गेली नाही. ती जमिनीवरच राहिली आणि तिथे ती उचलायला कुणी उरलं नाही.

त्यावर तोडगा काढला तो हॉल्ट एजंटचा. गावातल्याच एखाद्या माणसाने जवळच्या मोठ्या स्टेशनात पैसे भरून तिकिटं उचलायची, गाडीच्या वेळेला हॉल्टवर येऊन विकायची आणि विक्रीवर कमिशन घ्यायचं. पुठ्ठ्याची ती छोटी तिकिटं बरीच वर्षं भायखळ्याच्या रेल्वे छापखान्यातून येत. त्यांचा नमुना इंग्लंडच्या थॉमस एडमंडसनने एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात घडवलेला. प्रत्येक तिकिटावर ओळीने क्रमांक असल्याने सकाळचा पहिला आणि रात्रीचा शेवटचा क्रमांक पाहिला की विक्री कळते. व्यवस्था साधी आणि प्रामाणिक होती. तिची अडचण भाड्यात आहे. साध्या पॅसेंजरचं किमान भाडं दहा रुपये आहे. समजा एखाद्या हॉल्टवर दिवसाला चाळीस तिकिटं खपली, तर विक्री चारशे रुपयांची झाली. कमिशन शेकडा पंधरा धरलं तरी एजंटच्या हाती पडतात साठ रुपये. तेवढ्यासाठी पहाटेच्या गाडीला आणि दिवेलागणीच्या गाडीला हजर राहायचं, सुट्टे पैसे सांभाळायचे, हिशेबाची वही लिहायची आणि तिकिटं संपली की पदरच्या भाड्याने मोठ्या स्टेशनावर खेप घालायची. शेजारी ज्याची चहाची टपरी आहे, ज्याची शेती लगतच आहे किंवा ज्याला आपल्या गावाच्या स्टेशनाचा अभिमान आहे, तोच हे काम धरून ठेवतो. त्याच्या मुलाला ते धरवत नाही, आणि त्यात मुलाचा दोष नाही. एजंटने काम सोडलं की नवी निविदा निघेपर्यंत, आणि ती भरायला कुणी पुढे येईपर्यंत, त्या हॉल्टची विक्री शून्यावर येते. प्रवासी तेवढेच असतात. पण वर्षाअखेरीस विभागीय कार्यालयातल्या तक्त्यावर शून्य दिसतं आणि कागदावरच्या शून्याचा अर्थ ‘प्रवासी नाहीत’ असा लावला जातो.

एजंट नेमाने काम करत असला तरीही तो आकडा खरा नसतो, ही गोष्ट मला फार उशिरा नीट उमगली. रेल्वेचं उत्पन्न जिथे तिकीट निघतं त्या स्टेशनाच्या नावावर जमा होतं. खेड्यातला माणूस सकाळी तालुक्याला जातो आणि संध्याकाळी परततो. परतीचं तिकीट तालुक्याच्या खिडकीवर निघतं, म्हणजे अर्धा प्रवास आधीच दुसऱ्या खात्यात गेला. रोज जाणारा पास काढतो. खिडकीवर पास काढायला यंत्र आणि बाबू लागतात, म्हणून तोही मोठ्या स्टेशनात निघतो आणि महिन्याच्या सगळ्या फेऱ्या त्याच स्टेशनाच्या नावावर पडतात. शाळा-कॉलेजच्या मुलांचं तर याहून पुढे आहे. बारावीपर्यंतच्या मुलांना आणि पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते शाळा-कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो. ही सवलत रेल्वेच्या सर्वांत चांगल्या निर्णयांपैकी एक आहे, असं मी मानतो. पण त्या मुली हॉल्टच्या हिशेबात दिसतच नाहीत. २००९ साली अत्यल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी पंचवीस रुपयांचा ‘इज्जत’ पास निघाला, त्याचंही तेच. सकाळी सात वाजता एखाद्या हॉल्टवर साठ माणसं उभी असली, त्यातली वीस कॉलेजची, पंचवीस पासवाली, तर हिशेबात उरतात पंधरा. हॉल्टवर नियमितपणे अवलंबून असलेला प्रवासीच त्या हॉल्टच्या वहीत सर्वांत कमी उमटतो. वहीत ठळक उमटतो तो कधीतरी येणारा पाहुणा. २०१७ पासून हॉल्टांचेही तीन वर्ग पाडले आहेत, उत्पन्न आणि प्रवासीसंख्या पाहून, आणि वर्गावरून सोयी ठरतात. म्हणजे मुळातच अर्धवट असलेला आकडा पाणी आणि सावली किती मिळायची तेही ठरवतो.

लोकांनी हे कोडं आपल्या परीने सोडवलं आहे आणि त्यांचं उत्तर पाहून या मोजमापाचा दोष लख्ख दिसतो. प्रयागराजजवळचं दयालपूर हे स्टेशन तिकीटविक्री ठरलेल्या मर्यादेखाली गेली म्हणून २००६ साली बंद झालं. लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर ते पुन्हा उघडलं. त्यानंतर गावकऱ्यांनी वर्गणी काढून रोजची तिकिटं विकत घ्यायला सुरुवात केली. प्रवासासाठी नव्हे, आकडा पुरा करण्यासाठी. राजस्थानात सीकर जिल्ह्यातल्या रशीदपुरा खोरीच्या लोकांनीही बंद झालेलं स्टेशन मागून घेतलं आणि ते चालवण्याचा भार स्वतः उचलला. या बातम्या कौतुकाने छापल्या जातात आणि कौतुक रास्तच आहे. मला मात्र त्यात वाणिज्य शाखेसाठी लिहिलेला एक शेरा दिसतो. ज्या मोजपट्टीला खूश करण्यासाठी माणसं न केलेल्या प्रवासाची तिकिटं घेतात, ती मोजपट्टी प्रवास मोजत नाही.

मग मोजायचं कसं आणि तिकीट द्यायचं कुठे? उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही, गावाच्या वेशीवर ते उभं आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या वाडीवस्तीवर एसटीचे थांबे आहेत. त्या थांब्यांवर महामंडळाचा एकही माणूस नसतो. कुठे दगडी शेड, कुठे नुसती वडाच्या झाडाखालची सवयीची जागा. तरी त्यांना कुणी बेवारस म्हणत नाही, कारण माणूस गाडीत आहे. पूर्वी ट्रे आणि चिमटा घेऊन, आता तिकिटाचं यंत्र गळ्यात अडकवून कंडक्टर येतो. कोण कुठून चढला हे त्या तिकिटावरच नोंदलं जातं. एसटीत फायदा-तोटा पाहिला जातो तो फेरीचा आणि मार्गाचा. एखाद्या फाट्यावर महिनाभरात किती तिकिटं खपली म्हणून तो फाटा गाळा, असं म्हणायला मुळात तिथे खिडकीच नाही. जपानने आपल्या ग्रामीण रेल्वेत नेमकं हेच केलं. तिथल्या ‘मुजिन-एकी’, म्हणजे माणूस नसलेल्या स्टेशनांवरून सुटणाऱ्या अनेक छोट्या गाड्यांत दारापाशी चिठ्ठी देणारं यंत्र असतं. चिठ्ठीवरच्या क्रमांकावरून चढल्याचं स्टेशन कळतं आणि उतरताना भाडं चालकाजवळच्या पेटीत टाकायचं. आपल्या विदर्भातली मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर ही ‘शकुंतला’ अरुंद रुळांवरून धावत होती, तेव्हा तिच्याही बऱ्याच स्टेशनांवर कुणी नसे आणि गाडीबरोबरची मोजकी माणसंच तिकिटापासून इंजिन जोडण्यापर्यंतची कामं करत. शकुंतला बंद पडली ती तिच्या जुन्या, खिळखिळ्या मार्गामुळे. गाडीत तिकीट विकलं म्हणून नव्हे.

कायद्यातही याची जागा आहे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे तिकिटाशिवाय गाडीत बसायला मनाई आहे, पण अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी घेऊन, भाडं नंतर भरण्याच्या बोलीवर बसता येतं आणि तसा दाखला त्या कर्मचाऱ्याने द्यायचा असतो. हॉल्टवरच्या माणसासाठी ही तरतूद जणू बेतलेली आहे. प्रत्यक्षात गाडी मिनिटभर थांबते, गार्ड शेवटच्या डब्यात, आणि डोक्यावर पाटी, काखेत मूल असलेली बाई पुढच्या टोकाला. तिने दाखला घ्यायला मागे पळायचं की डब्यात चढायचं? ती चढते, आणि उतरल्यावर तपासनिसाने धरलं तर दहा रुपयांच्या भाड्यावर किमान अडीचशे रुपयांचा दंड भरते. विनातिकीट प्रवाशांच्या आकडेवारीत तिची नोंद होते. हॉल्टच्या प्रवाशांत मात्र होत नाही. मोबाइलवरच्या तिकिटाने यात मोठा फरक पडला आहे, हे मी मोकळेपणाने सांगतो. रेल्वेच्या ॲपवर तिकीट काढलं की चढायचं स्टेशन म्हणून हॉल्टचंच नाव लागतं, एजंट असो वा नसो. पण ज्याच्या हातात साधा फोन आहे, ज्याच्या खात्यातून ऑनलाइन पैसे जात नाहीत आणि जिथे डोंगराआड रेंजच येत नाही, त्याच्यासाठी ॲप हे अजून उत्तर नाही. गाडीतला माणूस हे उत्तर आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांतल्या टीटीईच्या हाती आज यंत्र आहे. तसं एक यंत्र घेतलेला एक माणूस पॅसेंजरमध्ये द्यायचा, एवढीच ही सूचना.

माझे सहकारी यावर पहिली हरकत घेतात ती माणसांच्या तुटवड्याची. एक्सप्रेस गाड्यांना टीटीई पुरत नाहीत, पॅसेंजरला कुठून आणायचे? हरकत खरी आहे. पण एका मार्गावर दहा-बारा हॉल्ट असतील, तर आज प्रत्येकासाठी वेगळी निविदा, वेगळा एजंट, वेगळी तपासणी, वेगळी वही चालते. तीच रक्कम आणि तीच मेहनत गाडीमागे एक-दोन माणसांवर लावली तर ती पुरेल की नाही, हे एखाद्या शाखामार्गावर वर्षभर करून पाहता येईल. एजंटांनाच हॉल्टवरून उठवून गाडीत बसवता येईल. ते त्या वाटेवरचा प्रत्येक चेहरा ओळखतात आणि साठ रुपयांऐवजी पुऱ्या गाडीच्या विक्रीवरचं कमिशन त्यांना मिळेल. गर्दीत एक माणूस किती तिकिटं फाडणार, असंही विचारतात. सणासुदीला आणि यात्रेला तो पुरणार नाहीच. एरवीच्या दिवशी हॉल्टवरून चढणारी माणसं डब्याडब्यांत विखुरलेली असतात आणि दोन स्टेशनांमध्ये दहा-पंधरा मिनिटं मिळतात. भरलेल्या एसटीत कंडक्टर याहून कमी जागेत आणि कमी वेळात हे काम करतो.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे आणि ती वेळेची आहे. हॉल्टवर गाडी एक मिनिट थांबते, पण वेग उतरवायला आणि पुन्हा धरायला लागणारा वेळ धरला तर त्या मिनिटाची बरीच मिनिटं होतात. शिवाय हॉल्ट ब्लॉक सेक्शनच्या पोटात असल्याने तेवढा वेळ मागची मालगाडी किंवा एक्सप्रेस मागच्याच स्टेशनावर अडकते. मालगाडीवर रेल्वेचं पोट चालतं, हे विसरून चालत नाही. २०२० साली शून्यापासून वेळापत्रक बांधायला घेतलं तेव्हा कमी वापराचे थांबे गाळण्यामागे हाच विचार होता, आणि तो विचार चुकीचा नाही. म्हणून एक्सप्रेस हॉल्टवर थांबवा असं मी म्हणत नाही आणि निवडणुकीच्या तोंडावर मागितल्या जाणाऱ्या तशा थांब्यांना माझा विरोध राहिला आहे. पण इंजिनाने ओढायच्या जुन्या पॅसेंजरच्या जागी मेमू-डेमू आल्या, त्या लवकर थांबतात आणि लवकर वेग घेतात. अनेक मार्ग दुहेरी होत आहेत. थांब्याची वेळेतली किंमत त्यामुळे उतरते आहे. ती प्रत्येक मार्गावर नव्याने काढायला हवी, एकेरी मार्गाच्या दिवसांतला जुना ठोकताळा पुढे ओढत राहून भागणार नाही.

तिसरी हरकत रस्त्याची. हॉल्ट पडले तेव्हा गावाला रस्ता नव्हता. आता डांबरी रस्ता आहे, वडाप आहे, घरटी मोटारसायकल आहे. मग गाडी कशाला? काही गावांच्या बाबतीत हे खरं आहे आणि तिथला हॉल्ट बंद झाला तर मला त्याचं फार दुःख नाही. पण ‘लोकांनी रेल्वे सोडली’ असं म्हणताना कोणी कोणाला सोडलं ते तपासावं लागतं. मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या. त्या परत आल्या तेव्हा बऱ्याच पॅसेंजर ‘स्पेशल’ म्हणून आल्या, किमान भाडं दहाऐवजी तीस रुपये झालं आणि अनेक हॉल्ट त्या गाड्यांनी नुसते ओलांडले. किमान भाडं पुन्हा दहावर आलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. चार वर्षं हा छोटा काळ नव्हे. तेवढ्यात आठवीतली मुलगी बारावीला जाते आणि दूधवाला कर्ज काढून टेम्पो घेतो. गाडी नसतानाच्या किंवा महाग असतानाच्या वर्षांतला प्रवाशांचा आकडा पुढे करून थांबा अनावश्यक ठरवणं, म्हणजे विहीर बुजवून गावाला तहान नाही असं म्हणणं आहे. आणि रस्ता झाला तरी भाड्यातला फरक राहतोच. वडापवाला दहा रुपयांत तालुक्याला नेत नाही. मोफत पासवर तर मुळीच नेत नाही. रस्ता आल्यावर कोणाची गाडी सुटते, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी बारावीनंतर पुढे शिकू पाहणारी मुलगी हेच असतं.

हॉल्ट वाचवा म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही एक कच्चा दुवा आहे. जपानमध्ये एका शाळकरी मुलीसाठी रेल्वेने एक स्टेशन चालू ठेवलं, ही गोष्ट २०१६ च्या सुरुवातीला जगभर फिरली आणि अजून निवेदनांत जोडली जाते. तिच्यात कामी-शिराताकी हे नाव आलं. ती मुलगी प्रत्यक्षात जवळच्या क्यू-शिराताकी स्टेशनावरून जात होती आणि त्याच वर्षी मार्चमध्ये, नव्या वेळापत्रकाबरोबर, ही दोन्ही स्टेशनं बंदही झाली. करुणेच्या गोष्टीवर थांबा टिकत नाही, ती मुलगी शिकून गेली की गोष्ट संपते. शिवाय एका मुलीची गोष्ट सांगितली की आपल्या हॉल्टवरच्या वीस मुली झाकल्या जातात. आपल्याकडे स्टेशनाच्या नावात कधी कधी दोन गावं असतात, मिरज–कोल्हापूर मार्गावरच्या निमशिरगाव-तमदलगेसारखी. नावात न मावलेल्या आजूबाजूच्या वाड्या वेगळ्याच. आपली बाजू संख्येची आहे. ती संख्या आपण मोजतच नाही, हे दुखणं आहे.

‘मानवरहित’ हा शब्द रेल्वेत पूर्वी फाटकांसाठी वापरला जाई, आणि तो धोक्याचा शब्द होता. ब्रॉडगेजवरची सगळी मानवरहित फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत संपली. काहींवर गेटमन आले, काही बंद झाली, काहींखाली भुयारी रस्ते निघाले. धोका मोजता आला तेव्हा पैसाही मिळाला आणि माणूसही, हे त्या मोहिमेने दाखवलं. पण फाटक जाऊन भुयारी रस्ता होतो तेव्हा हॉल्टजवळचा शेवटचा गणवेशातला माणूसही जातो, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. गेटमनच्या खोलीत शेजारच्या स्टेशनाशी जोडलेला फोन असे. ‘गाडी कुठवर आली?’ हे लोक त्यालाच विचारत आणि अंधारात त्याच्या खोलीचा दिवा हाच आधार असे. ते त्याचं नेमून दिलेलं काम नव्हतं, म्हणून तो गेला तेव्हा काय गेलं याची नोंद झाली नाही. रूळपातळीवरचा फलाटही असाच नोंदीबाहेर राहतो. उंच फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो, मध्यम ४५५, आणि पुष्कळ हॉल्टांवर शून्य, म्हणजे खडीवरून थेट पायरीला हात घालायचा. उत्पन्न नाही म्हणून फलाट उचलला जात नाही. फलाट नाही म्हणून म्हातारी माणसं मोठ्या स्टेशनाकडे वळतात आणि तिथून तिकीट काढतात. उत्पन्न तिथे जमा होतं.

या सगळ्यात पहिलं पाऊल मोजणीचं आहे आणि त्याला ना निविदा लागते ना यंत्र. गार्ड आजही प्रत्येक स्टेशनावर गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली हे आपल्या अहवालात लिहितो. हॉल्टवर गाडी सोडण्याआधी तो बाहेर वाकून पूर्ण फलाट पाहतो, कारण शेवटचा माणूस चढल्याशिवाय त्याला घंटा देता येत नाही. त्याच ओळीत आणखी दोन आकडे बसतात, किती उतरले आणि किती चढले. शाळा चालू असतानाचा एक महिना, सुगीचा एक आणि पावसाळ्याचा एक, असे तीन महिने ते लिहून घ्यावेत आणि मगच त्या हॉल्टचं टिपण लिहायला घ्यावं.